दूध उतू जाईपर्यंत

३ फेब्रुवारी १९६९, सोमवार

डोकं फिरलंय. लिहून काढतो, नाहीतर उद्या कुणाच्यातरी मुस्काटात बसंल आणि मग आहेच स्टुडिओभर बोंब.

पिक्चर सगळं कापून जोडून झालं. तोंड तेवढं राहिलंय, म्हणजे सुरुवातीचा प्रवेश. खुनाचं पिक्चर, रहस्यपट. आपल्याकडं कोण काढतंय असलं? ढोलकी आणि पाटील यातनं बाहेर यायलाच कुणी तयार नाही. म्हणून जीव लावून बसलोय. आधी तोंड काय होतं, तर बाई पळतीय, मागं सावली, मग किंकाळी. मी म्हणालो, किंकाळी ऐकून माणूस दचकतो, भीत नाही. दचकणं एका क्षणाचं. भीती वाट बघण्यात असती.

मग मीच सुचवलं. स्वयंपाकघर. स्टो भरभरतोय, वर दुधाचं पातेलं. पुढ्यात बाई बसलीय. बाहेर कडी वाजते. "आले हं," म्हणून ती उठून जाते. कॅमेरा तिच्यामागं जायचा नाही, दुधावरच राहायचा. बाई येत नाही. दूध वर येतं, आणखी वर येतं, उतू जातं, स्टो विझतो. मग एक हात येतो, पुरुषाचा, आणि सांडशीनं पातेलं खाली उतरवतो. बस. बाई मेली हे कुणी सांगायला नको.

आज ते पडद्यावर बघितलं. पातेल्यात चुन्याचं पाणी! दुधाचा चहा करून युनिटनं ढोसला आणि पातेल्यात चुना कालवला. चुना कधी वर येतो? नुसतं खदखदतंय. शेवटी कुणीतरी शहाण्यानं साबणाचा फेस सोडलाय.

दिग्दर्शक प्रभाकर (पुण्याला सिनेमा शिकून आलाय. यापुढं नुसतं प्र., माणूस तेवढ्याच किमतीचा) म्हणतो, "सुतार, काळ्यापांढऱ्यात कुणाला कळतंय? पांढरं ते दूध."

म्हणालो, "मग तुमच्या सदऱ्याला विरजण लावू का?"

बोलायचं नव्हतं. बोललो. बरं वाटलं.

५ फेब्रु., बुधवार

हिला बोलावलं होतं तो तुकडा दाखवायला. दुधातलं हिच्याएवढं कुणाला कळतंय? उचगावात दोन म्हशी एकटी सांभाळते.

अकराला येणार होती. बारा वाजले तरी पत्ता नाही. बाहेर येऊन बघतो तर बाईसाहेब फाटकाशी उन्हात उभ्या, हातात डबा. रखवालदार विचारतोय, कुणाकडं जायचंय, नाव सांगा. ही नाव कशी घेणार? "त्ये कापाकापी करत्यात न्हवं का, त्येंच्याकडं." रखवालदाराला वाटलं न्हाव्याकडं आलीय. त्यानं बोट दाखवलं रंगभूषेच्या खोलीकडं, ती जाईना, हा सोडंना. तासभर!

मी ओरडलो, "अगं, एवढ्यापुरतं नाव घेतलं असतंस तर काय जीभ झडली असती?"

"बावीस वर्सं न्हाय घेतलं, आता त्या मिशीवाल्यापुढं घिऊ व्हय?"

तुकडा बघितला.  मग पदर तोंडाला लावून हसाय लागली. "आवं, ह्ये दूध न्हाय. साय कुठाय? कडंला बुडबुडं कुठायत? ह्यो तर धुण्याचा फेस हाय." प्र. तिथंच उभा होता. कान लाल झाले. 

परत घ्यायचं ठरलं. खरं दूध, म्हशीचं.

रागाचं कारण आणखी एक आहे ते इथंच लिहितो, कुणाला सांगत नाही. एकोणीस वर्षं मोठ्या मास्तरांच्या हाताखाली काढली. शेवटच्या सात-आठ वर्षांत मास्तरांना नीट दिसायचंसुद्धा नाही, फिल्म मी कापायचो, ते शेजारी डोळे मिटून बसायचे. पाटीवर नाव त्यांचं एकट्याचं. मी कधी बोललो नाही. आता मास्तर घरी बसले आणि हे पहिलं पिक्चर माझं. "संकलन – ज्ञानदेव सुतार." बाप याच स्टुडिओत सेटची दारं-खिडक्या ठोकायचा. त्याचं नाव कधी कुठं लागलं नाही. माझं लागणार. आणि लागणार ते साबणाच्या फेसावर?

९ फेब्रु., रविवार

झालं एकदाचं. पण काय सांगू.

कॅमेऱ्यात फिल्म बसते चारशे फूट, म्हणजे साडेचार मिनिटं. तेवढ्यात दुधानं वर यायला पाहिजे. दूध काय कुणाच्या बापाचा नोकर आहे? पहिल्या वेळी फिल्म संपली आणि मग दूध आलं, ऐटीत. प्र. डोकं धरून बसला. दुसऱ्या वेळी दूध आलं झटक्यात, बाई उठायच्या आधीच.

ही कोपऱ्यात दुधाची कासंडी घेऊन बसलेली. म्हणाली, "मी सांगते तवा लावा तुमचं यंत्र." प्र.नं माझ्याकडं बघितलं. मी म्हणालो, ऐका तिचं, दुसरा इलाज आहे का? हिनं स्टोला चार पंप मारले, पातेल्यावर वाकून नुसतं बघत राहिली. घड्याळ नाही, काही नाही. कडेला बारीक मणी धरले तशी म्हणाली, "हं. लावा."

तीन मिनिटं पन्नास सेकंदांनी दूध काठावर आलं. अख्खं युनिट श्वास धरून. प्रकाशयोजनेचा दादू पुढं धावायलाच निघाला होता पातेलं उतरवायला, मी त्याची चड्डी धरून ठेवली. खोटं सांगत नाही. तेव्हाच कळलं, की हे लागू पडणार.

यंत्र लावायच्या आधी सामानवाल्यानं सांडशी पातेल्याशेजारी भुईवर ठेवली होती. ही त्याच्यावर खेकसली, "सांडशी काय भुईवर ठेवत्यात व्हय?" आणि स्टोच्या मागं खिळ्याला टांगली. मारेकऱ्याचा हात सरळ तिकडं गेला, सांडशी घेतली, पातेलं उतरवलं. झकास.

१५ फेब्रु., शनिवार

प्र.शी तिसऱ्यांदा भांडण. त्यानं मधे घालायला काय काय घेऊन ठेवलंय! सुरी चमकते. मांजर उडी मारतं. भिंतीवर सावली. बाईचा डोळा, एकच, एवढा मोठा. म्हणतो, तणाव म्हणजे तुकडे, जितके बारीक तितका तणाव वाढतो, असं शिकवतात.

मी म्हणालो, ठीक. जोडून बघू. उगाच हट्ट नको. पूर्ण दिवस घालवून त्याच्या म्हणण्याप्रमाणं जोडलं, तेवीस तुकडे. मूव्हिओलावर, जोडलेलं बघायच्या यंत्रावर, लावलं. सुरी दिसली की माणूस सुरीकडं बघतो आणि दूध विसरतो. मांजर आलं की मांजराकडं. भीतीला बसायला जागाच नाही, सारखी उठबस.

मग सगळं काढलं. नुसतं दूध लावलं. मधे कात्री नाही. संकलकानं न कापता दाखवलं म्हणजे काम केलं नाही असं वाटतं लोकांना. च्यायला, न कापायलाच जास्त अक्कल लागते.

प्र.नं परत एकदा लावायला सांगितलं. मग म्हणाला, "पार्श्वसंगीत तरी?"

ध्वनिमुद्रक बाबालाल माझा खरा जोडीदार. त्यानं चार दिवसांमागं स्वतःच्या घरातला स्टो उचलून आणला होता, बायकोचा चहा थांबवून. त्याचा आवाज टेपवर घेतलाय. आधी भरभर, मग हवा कमी होत जाते तसा घोगरा. बाहेरची कडी निघाल्याचा आवाज एकदाच. नंतर काही नाही. बाबालाल म्हणाला, "हितं वाजिवणं घालायचं न्हाय, साहेब. माणूस आपल्याच घरातला आवाज ऐकतंय. त्येला वाटतंय आपलंच दूध हाय, आन् उठायला तर येत न्हाय."

प्र.नं ऐकलं. पोरगं वाईट नाही. शिकलेलं विसरायला वेळ लागतो एवढंच.

२४ फेब्रु., सोमवार

आज मिठाचा खडा पडला.

निर्माते आप्पासाहेब (आ.सा.) पेठ वडगावहून आले, गाडीत गुळाची ढेप घालून. गुळाचे मोठे व्यापारी. पिक्चरची हौस. त्यांना तोंड दाखवलं. दूध वर यायला लागलं तसे खुर्चीत पुढं सरकले. मला वाटलं, आहा! लागलं! दूध उतू गेलं आणि आ.सा.नी पडद्याला हात जोडले.

हात जोडले!

"वा, ज्ञानू, वा! दूध उतू गेलं! वास्तुशांतीचा शकुन हाय ह्यो. पिक्चरच्या तोंडालाच बरकत. आता असं कर, सगळी नावं ह्येच्यावर टाक. दूध वर यायला लागलं की आमचं आबा, कैलासवासी. काठावर आलं की मी. उतू गेलं की..."

मी म्हणालो, "आप्पासाहेब, तिकडं बाई मेलीय."

"मरंना! दूध तर उतू गेलंय न्हवं?"

बावीस पाट्या. सगळ्या दुधावर. लोक नावं वाचत बसणार, मोठ्यानं, एकमेकांना सांगत, ह्यो आपल्या वडगावचा, त्यो हुपरीचा. बाई कधी उठली, कधी परत आली नाही, कोण बघतंय? आणि माझं नाव कुठं येतंय मोजून बघितलं. बरोबर हात येतो तिथं. मारेकऱ्याच्या मनगटावर "संकलन – ज्ञानदेव सुतार".

प्र. काय म्हणाला? "कल्पना वाईट नाही." त्या दिवशीचं वाक्य परत घेतो. पोरगं वाईटच आहे.

गाढवाला गुळाची चव काय, म्हणतात. इथं तर गाढवाचाच गुळाचा धंदा.

२५ फेब्रु., मंगळवार

कामावर गेलो नाही. ताप म्हणून कळवलं. डोक्यातलाच आहे.

सकाळी हिच्यावर उगाचच ओरडलो. ती धार काढून आली होती. ऐकून घेतलं, मग दूध तापवत ठेवून म्हणाली, "पर आप्पासायबांस्नी कुनी सांगितलं की ह्यो शकुन हाय?"

"सगळेच म्हणतात. नव्या घरात दूध उतू घालवतात."

"घालवत्यात. आपण हून. बाई म्होरं बसून, हळदीकुंकू वाहून. बाई घरात न्हाय आन् दूध आपसूक उतू चाललंय, ह्यो कसला शकुन? आमच्यात तर असं झालं की आई म्हनायची, कुनाचं काय वाईट झालं बघा."

मी तसाच उठून बसलो. बावीस वर्षं या बाईच्या हातचं दूध पितोय. हे मला माहीत नव्हतं. मीसुद्धा त्या आ.सा.पेक्षा शहाणा कुठं आहे? मला नुसतं भीतीदायक वाटलं होतं, का वाटलं हे ठाऊक नव्हतं.

१ मार्च, शनिवार

वडगावला जाऊन आलो. आ.सा.च्या पेढीवर. सगळं सांगितलं, हिचं नाव न घेता, "जाणती माणसं म्हणतात" असं करून. बाई घरात नसताना उतू गेलेलं दूध. त्यावर कैलासवासी आबांचं नाव. त्याखाली तुमचं.

माणसाचा चेहरा असा उतरला की मला दया आली. थोडीच. लगेच म्हणाले, "काढ, काढ! माझं नाव नगं त्या दुधावर. आबांचं तर न्हाईच न्हाई!"

जिंकलो. मनात म्हणालो, ज्ञानबा, जिंकलास.

मग म्हणाले, "असं कर. आदूगर देवाचा फोटू. त्येच्याखाली आबा, मी, आन् प्रभाकर. मग तुझं ते दूध, तुला पायजे तसं मोकळं. बाकीची नावं शेवटाला टाक, समाप्तच्या मागनं."

समाप्तच्या मागनं कोण बसतंय? समाप्त दिसायच्या आधी माणसं चपला शोधत असतात. ऑपरेटर दिवे लावून मोकळा. उरलेली एकोणीस नावं, नटांची सोडली तर सगळी कामगारांची. बाबालालचं. दादूचं. माझं.

"कबूल हाय का बोल. न्हाईतर नावं समद्यांची दुधावर, माझं सोडून."

कबूल म्हणालो. काय करणार? माझं नाव पाहिजे तर दूध मरतं, दूध पाहिजे तर नाव मरतं. एसटीत येताना स्वतःचाच राग आला. एकोणीस वर्षं नाव नव्हतं तेव्हा काय अडलं होतं? आणि अडलं नव्हतं तर आता असं का आतून जळतंय?

हिला सांगितलं. म्हणाली, "शेवटाला तर शेवटाला. मी बसंन की शेवटापतोर."

२१ मार्च, शुक्रवार

आज स्टुडिओतल्या लोकांच्या घरच्यांना पिक्चर दाखवलं, दुपारी. बायकाच जास्त. सेन्सॉरला पाठवायच्या आधी आ.सा.ना अंदाज घ्यायचा होता.

दूध सुरू झालं. बोलणी बंद. बाई उठून गेली. मागनं एक आवाज, "आता यील की." मग कुणी नाही. मग दूध चढायला लागलं तशा खुर्च्या करकरायला लागल्या. "आगं दूध!" "दूध बघ की गं!" काठावर आलं तेव्हा अर्ध्या बायका उभ्या. बाबालालची बायको तर मोठ्यानं शिव्याच द्यायला लागली मेलेल्या बाईला. माझ्या अंगावर काटा. एवढ्यासाठीच सगळं केलं होतं.

हात आला. सांडशी घेतली. पातेलं उतरवलं.

आणि कुणीतरी अगदी सहज म्हणालं, "घरातलाच हाय मेला."

"व्हय की. सांडशी बघितलीस न्हवं? न चाचपडता घेतली."

"दीर असंल. नवऱ्याला कुठलं ठावं सांडशी कुठं असती!"

झालं. साडेचार मिनिटांत रहस्य संपलं. पुढचे दोन तास आमचा इन्स्पेक्टर ज्याला शोधत हिंडतो, तो धाकटा दीर. बिनलग्नाचा, आपलं दूध आपण तापवून घेणारा. कथालेखकानं, दिग्दर्शकानं, मी, निर्मात्यानं, शंभर वेळा बघितलं ते. एकाही गड्याच्या ध्यानात आलं नाही.

मध्यंतरात आ.सा. माझ्या अंगावर धावून आले. "फोडलंस! पहिल्याच रिळात फोडलंस!" प्र. पांढरा पडलेला. "तो हात कापा, सुतार. आत्ताच्या आत्ता."

 चूक होतीच. माझी कात्री, माझी चूक. घरी येताना हिला विचारलं, "तुला त्या दिवशी सांडशी टांगतानाच कळलं होतं?"

"कळायचं काय त्यात?"

"मग सांगितलं का नाहीस?"

"मला वाटलं, तुमास्नी ठावं हाय."

घरात आल्यावर चूपचाप स्वयंपाकघरात गेलो, आमची सांडशी कुठं असते ते बघायला. सापडली नाही. ही दारात उभी राहून बघत होती. हसली नाही, ते बरं केलं.

२३ मार्च, रविवार

दोन दिवस विचार केला. आता राग वेगळा आहे, ताठ कण्याचा.

मध्यंतरानंतर काय झालं ते कुणी बघितलंच नाही. सगळे आपापसात भांडत होते, मी एकटा दारातनं बायकांकडं बघत होतो. एकही बाई घरी गेली नाही. मेलेलीची बहीण चौकशीला येते, दीर तिला म्हणतो, बसा, चहा टाकतो. आम्हाला वाटलं होतं हा साधा प्रवेश. थेटर पेटलं. "पिऊ नगंस गं बाई!" "ऊठ तिथनं!" बहीण कप तोंडाला लावते, तर एकीनं डोळेच झाकून घेतले. आम्ही त्या प्रवेशात भीती घातलीच नव्हती. ती मागनं आली, दुधातनं.

कुणी मारलं हे लपवून ठेवलं तर शेवटी एकदा दचकवता येतं. बायकांना ते आधी कळलं आणि पडद्यावरल्या बाईला कळलं नाही, तर दोन तास जिवाला घोर. मोठ्या मास्तरांनी हे कधी शिकवलं नाही. प्र.च्या शाळेत शिकवत असतील तर हा त्या दिवशी गैरहजर असणार.

प्र.ला हे समजावलं, ओरडून. तो म्हणाला, "म्हणजे चूक होती ती पद्धत म्हणायची?"

"म्हणा. पण हात काढला तर मी पण निघालो."

आ.सा.नी कुरकुरत ठेवलं. "चालंना तर मग बघ," एवढं म्हणाले.

१७ मे, शनिवार

काल वडगावला लागलं. आज वितरकाचा निरोप घेऊन आ.सा. दारात. आमच्या दारात, उचगावात, गाडी घेऊन. माणसं जमली.

वितरक म्हणतो, पहिल्या दिवशी बाहेर पडतानाच लोक सांगतायत, दीरानं मारलंय. रहस्यपटाचं रहस्य तिकिटाच्या रांगेत कळलं तर पुढच्या गावांत कोण येणार? दूध काढा. सगळं. जवळजवळ चारशे फूट. सोमवारी सकाळी वडगावच्या थेटरात जाऊन तिथल्या प्रतीतनं कापायचं, मग बाकीच्या प्रती.

म्हणालो, "लोक येत नाहीत का?"

"येत्यात की. बायका तर दोन-दोनदा. पर त्यो म्हणतोय न्हवं."

"मग?"

आ.सा. खाली बघून म्हणाले, "ज्ञानू, तू कापलंस तर पुढचं पिक्चर तुझं. नाव देवाच्या फोटूखाली, माझ्या शेजारी. मी आबांची शपत घेतो. न्हाई कापलंस तर दुसरा कुनीतरी कापंल. दूध तर जाणारच हाय."

हाच तो राग, जो ओरडून जात नाही. दुसरा कापणार हे खरं आहे. कापायला काय, न्हावीसुद्धा कापंल. मी कापलं तर निदान नीट कापीन, जोड दिसणार नाही. असं मनात आलं आणि स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटली.

उत्तर दिलं नाही. कात्री पिशवीत टाकली. कशासाठी टाकली, विचारू नका.

१८ मे, रविवार

वडगाव. तीनचा खेळ. हिला घेऊन. उकाडा असा की पंखे चालू असूनसुद्धा सदरा अंगाला चिकटलेला. थेटर भरलेलं, पुढं गडी, मागं बायका. ही बायकांत, मी भिंतीला टेकून उभा. मांडीशी पिशवी.

दूध. तेच. "आगं दूध!" इथं तर एका म्हातारीनं पडद्याकडं हातवारे करून स्टो बंद करायला सांगितलं. मग चहाचा प्रवेश. गडीसुद्धा ओरडायला लागले. मी पडद्याकडं एकदाच बघितलं असंल, बाकी सगळा वेळ लोकांकडं. हे उद्या कापायचं.

शेवट. दिराला बेड्या. समाप्त.

दिवे लागले. माणसं उठली, दारं उघडली, ऊन आत. ऑपरेटरनं यंत्र बंद केलं. पडदा कोराच.

ही तशीच बसलेली, पदर सावरून. शेजारच्या बाया म्हणाल्या, चला की वहिनी, संपलं. ही म्हणाली, "संपलं न्हाय. नावं राहिल्यात." त्या हसल्या. कसली नावं?

ही उठली. वळून वरच्या त्या चौकोनी भोकाकडं तोंड केलं, जिथनं उजेड येतो. फाटकाशी तासभर उन्हात उभी राहिली पण तोंडातनं नाव काढलं नाही, तीच बाई. भरल्या थेटरात, हाळी घातल्यासारखी ओरडली :

"आवं ए मशीनवालं पावणं! ज्ञानदेव सुतारांचं नाव राहिलं की!"

 गडी वळून बघायला लागले. वर भोकात ऑपरेटरचं तोंड दिसलं.

"ज्ञानदेव सुतार!" परत. आता आणखी मोठ्यानं, रागानं. "त्येंनी केलंय ह्ये समदं. लावा परत!"

मला कळंना, कुठं बघू. 

ऑपरेटर खाली आला, बिचारा. म्हणाला, चूक झाली, शेवटचा तुकडा कुणी बघतच नाहीत म्हणून, आता सहाच्या खेळाची तयारी चाललीय, पण उद्या नक्की लावतो. उद्या दुपारी या.

ही म्हणाली, येतो.

एसटीत माझ्या शेजारी बसली, घामेजलेली, अजून धुसफुसत. थोड्या वेळानं माझ्या मांडीवरची पिशवी उचलून आपल्याकडं घेतली. आत काय आहे ते तिच्या हाताला लागलं असणार, वजनदार आहे.  

उद्या सोमवार. सकाळी कापायला जायचं, दुपारी नाव बघायला. एकाच थेटरात.

कात्री अजून तिच्याकडंच आहे. आपल्या घरात कुठली वस्तू ती कुठं ठेवते ते मला, नवऱ्याला, कुठलं ठावं!